आत्मचरित्रातली माणसं आणि कोर्टाची पायरी

निवृत्तीनंतर आत्मचरित्र लिहायची हौस नागपूरला नवी नाही. नवी आहे ती पुस्तक काढण्यातली सोय. सीताबर्डीत डीटीपीवाला गाठायचा, डिजिटल छपाईच्या शंभर प्रती काढायच्या, पंच्याहत्तरीच्या कार्यक्रमात प्रकाशन उरकायचं आणि जेवणाआधी प्रत्येक पाहुण्याच्या हातात एकेक प्रत द्यायची. मध्ये संपादक नाही, प्रकाशक नाही, प्रकाशकाचा वकील तर नाहीच. मग एखादा भाचा बरोब्बर नको ते पान उघडतो आणि विचारतो, "मामाजी, हे बाबांबद्दल काय लिहून ठेवलं तुम्ही?"

१ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. तेव्हापासून काही जण समजून चाललेत की जुनं कलम ४९९ गेलं, म्हणजे अब्रुनुकसानीचा गुन्हाही गेला. तसं झालेलं नाही. आकडा बदलला, गुन्हा तोच आहे आणि आता तो कलम ३५६ मध्ये आहे. काहींची समजूत अगदी उलटी: कोणाचं नाव घेतलं की दुसऱ्या दिवशी पोलीस दारात. तेही खरं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लिहिणाऱ्याला भीती वाटते ती मंत्र्यावर, कुलगुरूंवर किंवा साहेबांवर झाडलेल्या ताशेऱ्यांची. अडचण मात्र बहुतेक वेळा उभी राहते ती घराबाहेर कोणाला ठाऊकही नसलेल्या एखाद्या चुलत्याबद्दल ओघात लिहून गेलेल्या वाक्यामुळे.

कायदा नेमकं काय पाहतो

अब्रुनुकसानी म्हणजे ओळखू येईल अशा माणसाबद्दल, तिसऱ्या कोणाला तरी कळेल अशा रीतीनं, त्याची लोकांमधली किंमत कमी होईल असं काही म्हणणं. तुम्ही थेट त्यालाच बंद पाकिटातून चार खडे बोल सुनावले तर ती अब्रुनुकसानी होत नाही, कारण तिसऱ्या कोणी ते वाचलेलं नसतं.

दाद मागायच्या वाटा दोन. दिवाणी दाव्यात समोरचा पैशात भरपाई मागतो, पुस्तक मागे घ्या म्हणतो. फौजदारीत तुम्ही आरोपी होता. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या संहितेत समाजसेवेची शिक्षाही ठेवली आहे. आजच्या काळात शब्दांसाठी तुरुंग असावा का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात २०१६ साली न्यायालयानं हा गुन्हा घटनेला धरूनच आहे, असा निकाल दिला. मला तो निकाल पटत नाही, पण कायदा तोच आहे.

पोलिसांची भीती मात्र बाळगू नका. हा अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे ठाणेदार आपणहून गुन्हा नोंदवून तपासाला लागत नाही. ज्याची बदनामी झाली त्यानं स्वतः मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायची असते. गुन्हा जामीनपात्र आहे. नव्या फौजदारी प्रक्रियेत तर तक्रारीची दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. जुन्या पद्धतीत ती नव्हती.

हे झालं अब्रूचं. दुसरी गोष्ट खासगीपणाची, आणि आत्मचरित्र लिहिणाऱ्याला ती जास्त नडते. अब्रुनुकसानी म्हणजे शेजाऱ्याच्या भिंतीला डांबर फासणं. खासगीपणाचा भंग म्हणजे त्याच्या खिडकीचा पडदा ओढणं. भिंत मुळातच काळी होती, हे पहिल्या तक्रारीला उत्तर होऊ शकतं. आत जे दिसलं ते खरंच होतं, हे दुसऱ्या तक्रारीला उत्तर होत नाही.

"पण मी खरं तेच लिहिलंय!"

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो आणि लेखक तो छाती पुढे काढून घेतो. दिवाणी दाव्यात खरेपणा हा पूर्ण बचाव आहे, पण सिद्ध तुम्हाला करायचा असतो. फौजदारीत नुसता खरेपणा पुरत नाही. मजकूर खरा हवा आणि तो जाहीर होण्यात लोकांचं हितही हवं. शेजारच्या वहिनी लग्नाआधी कोणासोबत पळून गेल्या होत्या, हे शंभर टक्के खरं असेल. त्यात लोकहित कोणतं?

आणि खरं म्हणजे तुम्हाला आठवतं ते नव्हे, कोर्टात दाखवता येईल ते. यातला फरक एका वाक्यावर पाहू. वाक्य मी रचलेलं आहे, पण अशा वाक्याशिवाय निघालेलं आत्मचरित्र माझ्या वाचण्यात फारसं नाही:

"मोठ्या काकांनी आजीचा खोटा अंगठा उठवून इतवारीतलं घर लाटलं."

वाक्य नऊ शब्दांचं, आरोप तीन. बनावट दस्त केला, म्हाताऱ्या आईला फसवलं, भावांचा हक्क बुडवला. माणूस कोण ते शोधायची गरज नाही, कारण मोठे काका एकच असतात. कोर्टात पहिला प्रश्न येईल: अंगठा खोटा, हे तुम्हाला कसं कळलं? "घरात सगळे म्हणायचे" हे उत्तर तिथे टिकणार नाही.

आता तेच असं लिहून पाहा:

"आजीची तेरवी झाली आणि महिनाभरात कळलं, की घर तिच्या हयातीतच मोठ्या काकांच्या नावावर झालं होतं. आखीव पत्रिकेवर त्यांचं एकट्याचं नाव होतं. खरेदीखताची नक्कल मी काढून आणली. त्यावर आजीचा अंगठा होता. आजी सही करायची. पोस्टाच्या पासबुकावरची तिची सही माझ्याकडे आहे. बाबांनी ती नक्कल दोनदा वाचली आणि घडी करून कपाटात ठेवली. त्यानंतर दिवाळीला आम्ही इतवारीला गेलो नाही."

काकांना यात कोणी चोर म्हटलेलं नाही. संशय वाचणाऱ्याच्या मनात येतो, आणि आडवळणानं केलेला आरोपही आरोपच असतो, उपरोधानं केला तरी, हे कलमातच लिहिलेलं आहे. त्यामुळे हा उतारा पूर्ण सुरक्षित आहे असं मी म्हणणार नाही. पण आता जवळजवळ प्रत्येक ओळीमागे कागद आहे. नोंदणी झालेलं खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कोणालाही पाहता येतं, नक्कल मिळते. आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, नगर भूमापनकडे मिळते. पासबुक घरात आहे. दिवाळीला न जाणं ही तर तुमच्याच घरातली गोष्ट. संपादक म्हणून मला विचाराल तर दुसरा उतारा लेखन म्हणूनही कितीतरी सरस आहे. "लाटलं" या शब्दानं जे झालं नाही ते त्या कपाटानं केलं.

कायद्याच्या भाषेत याला सद्भावना म्हणतात आणि तिची कसोटी मनाचा चांगुलपणा ही नाही. पुरेशी काळजी घेऊन, चौकशी करून लिहिलं की नाही, एवढंच पाहिलं जातं. "मला कोणाचं वाईट करायचं नव्हतं" हे मनापासून सांगितलं तरी चौकशी न करता लिहिलेल्या वाक्याला त्याचा उपयोग नाही.

पेपरात आलं होतं म्हणून लिहिलं, हेही फारसं कामाचं नाही. दुसऱ्यानं केलेली बदनामी पुन्हा छापणं ही पुन्हा बदनामीच. कोर्टाच्या निकालाची गोष्ट वेगळी. तो सार्वजनिक दस्त आहे. त्यात जे आहे ते, तेवढंच आणि तसंच लिहिता येतं. निकालात "संशयाचा फायदा देऊन निर्दोष" असेल तर "पैसे चारून सुटला" असं लिहू नका.

नाव बदललं की झालं?

नाव बदलल्यानं अनोळखी वाचकाला माणूस कळत नाही. तक्रार करणाऱ्याला एवढंच दाखवायचं असतं की त्याला ओळखणाऱ्यांनी त्याला ओळखलं.

"धंतोलीतले एक डॉक्टर" म्हटलं तर कोणीच ओळखू येत नाही. धंतोलीत डॉक्टरांना तोटा नाही. "धंतोलीतले हाडांचे डॉक्टर" म्हटलं की संख्या घटते. त्यांचे वडील वर्ध्याला शिक्षक होते, दवाखाना आधी महालात होता आणि रोज सकाळी ते अंबाझरीला फिरायला जातात, इतकं लिहिल्यावर नाव देशपांडेचं कुळकर्णी केलं काय आणि न केलं काय. ओळख लपवायचीच असेल तर आडनावाआधी पेशा, मोहल्ला आणि नातं बदला. तसं केलं आहे हे प्रस्तावनेत मोकळेपणानं सांगा. मात्र "सर्व पात्रे काल्पनिक" ही पाटी आत्मचरित्राला चालत नाही. तुमच्या बायकोला काल्पनिक कसं म्हणणार?

इंग्लंडमध्ये १९१० साली गाजलेला एक खटला आहे. एका वर्तमानपत्रानं गमतीच्या लेखात आर्टेमस जोन्स नावाचं पात्र रंगवलं. त्या नावाचा खराच एक बॅरिस्टर निघाला, ओळखीच्या लोकांनी साक्षी दिल्या की आम्हाला हा तोच वाटला, आणि पेपरला १७५० पौंड मोजावे लागले. तिथे निदान योगायोगाचा दावा तरी करता आला. आत्मचरित्रकाराला तीही सोय नाही.

"ते तर केव्हाच वारले"

इथे कायदा जरा तिरपा चालतो. मेलेल्या माणसाच्या अब्रूसाठी दिवाणी भरपाई मागायचा हक्क त्याच्यासोबत संपतो, तो वारसांकडे जात नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २०२३ साली एका दिवंगत अभिनेत्याच्या प्रकरणात खासगीपणाचा हक्कही वारशानं मिळत नाही, असं म्हटलं. म्हणजे सुटलो?

नाही. फौजदारी कलमाचं पहिलंच स्पष्टीकरण मृतांबद्दल आहे. तो माणूस जिवंत असता तर ज्यानं त्याची बदनामी झाली असती, असा मजकूर त्याच्या घरच्यांना किंवा जवळच्या नातेवाइकांना दुखावण्याच्या हेतूनं लिहिला असेल तर गुन्हा होऊ शकतो. हेतू इथे महत्त्वाचा. शंभर वर्षांपूर्वीच्या खापरपणज्याच्या सावकारीबद्दल लिहिताना कोणाला दुखवायचं होतं हे सिद्ध करणं कठीण आहे. गेल्या वर्षी वारलेल्या, ज्याच्या मुलांशी तुमचा घराचा दावा चालू आहे अशा भावाबद्दल लिहिताना तेच सोपं आहे. शिवाय मेलेल्याची गोष्ट सांगताना जिवंतांच्या खासगी आयुष्यात शिरत असाल, तर तो जिवंतांचा स्वतंत्र हक्क आहे.

"पण प्रती घरच्यांपुरत्याच काढल्या"

किती प्रती काढल्या यानं भरपाईचा आकडा कमी-जास्त होईल. गुन्हा व्हायला एक तिसरा वाचक पुरतो. खरं तर घरच्यांपुरतं पुस्तक हे या बाबतीत जास्तच नाजूक, कारण ज्यांच्यात त्या माणसाची अब्रू असते नेमक्या त्याच लोकांना ते वाटलेलं असतं. व्हॉट्सअॅपच्या "समस्त परिवार" ग्रुपवर प्रकरण तिसऱ्याची पीडीएफ टाकली तरी तेच.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. दिवाणी दावा तुम्ही राहता तिथेच व्हावा असं नाही. जिथे बदनामी झाली तिथेही तो करता येतो, आणि निवड दावा करणाऱ्याची. पुण्याला स्थायिक झालेल्या चुलतभावाला त्याच्या सोसायटीतल्या लोकांनी पुस्तक दाखवलं, तर पंच्याहत्तरीच्या लेखकानं तारखांना आझाद हिंद पकडून पुण्याला जायचं.

दुसऱ्याची गोष्ट किती सांगायची?

तामिळनाडूत ऑटो शंकर नावाचा, अनेक खुनांसाठी फाशीची शिक्षा झालेला कैदी होता. त्यानं तुरुंगात स्वतःची कहाणी लिहिली. पोलीस आणि बडे अधिकारी आपल्याशी कसे बांधलेले होते, हे त्यात होतं. नक्कीरन या तामिळ साप्ताहिकानं ती छापायचं ठरवलं आणि तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी ती रोखायचा प्रयत्न केला. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानं दिलेला निकाल आजही या विषयातला पाया आहे. सरकार आणि अधिकारी आपली बदनामी होईल म्हणून प्रकाशनाआधीच पुस्तक रोखू शकत नाहीत. सार्वजनिक दस्तांत, कोर्टाच्या कागदांत जे आहे ते कोणाच्या संमतीशिवाय छापता येतं. त्यापलीकडे माणसाचं लग्न, कुटुंब, मातृत्व, मुलंबाळं, शिक्षण यांबद्दल त्याच्या संमतीशिवाय लिहिलं, मग ते खरं असो वा खोटं, स्तुती असो वा निंदा, तर खासगीपणाचा भंग होऊ शकतो. ज्यानं स्वतःच वादात उडी घेतली त्याची गोष्ट निराळी. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्कच ठरवला.

मग आत्मचरित्र लिहायचं कसं? माझ्या आयुष्यात माझी बायको आहे, तिचं लग्न माझ्याशीच झालं आहे. इथे काटेकोर नियम नाही, तारतम्य आहे. मी एक प्रश्न विचारून पाहतो: ही घटना माझ्यावर घडली, की मी फक्त तिथे होतो? दारू पिऊन वडील मला मारायचे, ही माझी गोष्ट आहे आणि ती सांगायचा मला हक्क आहे. मावशीला लग्नाआधी वेडाच्या इस्पितळात ठेवलं होतं, ही मावशीची गोष्ट आहे. मी आईच्या पदराआड उभा राहून ती ऐकली, एवढंच. चुलतबहिणीचं मूल दत्तक आहे हे लिहिणं तर, ते मूल पुस्तकातून ते पहिल्यांदा वाचेल या एका शक्यतेनंच गाळावं. कायदा काय म्हणतो हे पाहायची तिथे गरज पडू नये.

काही बाबतीत तारतम्याचाही प्रश्न नाही. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे, न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे. बाई स्वतःवर गुदरलेलं स्वतःच्या नावानं लिहू शकते; तिच्या वतीनं दिरानं ते लिहायचं नाही. बळी लहान मूल असेल तर पोक्सो कायदा आणखी कडक आहे. विश्वासात कळलेली एखाद्याची एचआयव्हीची बाब नोंदवलेल्या संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे. निवृत्त डॉक्टर आणि वकील छान लिहितात, किस्से त्यांच्याकडेच असतात, पण रुग्ण आणि पक्षकार यांची गुपितं निवृत्तीनंतरही गुपितंच राहतात. सीआरपीएफ, बीएसएफ, आयबी अशा ठरावीक संस्थांतून निवृत्त झालेल्यांना त्या कामाबद्दल काही छापायचं तर २०२१ च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार आधी परवानगी घ्यावी लागते.

मग मोठ्यांवर लिहायचंच नाही का?

लिहायचं. आणि हे मला जरा जोरात सांगायचं आहे, कारण वरचं सगळं वाचून लोक नेमकी चुकीची पानं गाळतात.

कलम ३५६ ला दहा अपवाद आहेत. सरकारी नोकरानं पदावर असताना काय केलं यावर सद्भावनेनं मत देता येतं. सार्वजनिक प्रश्नात कोणी कसा वागला यावरही देता येतं. कोर्टाच्या कामकाजाचा खरा वृत्तान्त देता येतो. ज्यानं स्वतः पुस्तक, नाटक किंवा भाषण लोकांसमोर ठेवलं त्याच्या त्या कामाला टुकार म्हणता येतं. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणाला झोप लागली, हे तुम्ही बिनघोर लिहा.

दुसरं म्हणजे, मत आणि घटना यांत फरक आहे. "अमुक प्राचार्य मला कोत्या मनाचे वाटले" हे मत. "अमुक प्राचार्यांनी नेमणुकीसाठी डोनेशन घेतलं" ही घटना, ती सिद्ध करावी लागते, आणि ती त्या संस्थेचीही बदनामी ठरू शकते, कारण संस्थांनाही अब्रू असते. त्यातून तुम्ही लिहिलंत की "मी स्वतः पाकीट नेऊन दिलं", तर तुमच्याविरुद्धचा कबुलीजबाब तुम्हीच छापून वाटलात. मी असली कबुली देणारी पानं पाहिली आहेत. लेखकाला ती प्रामाणिकपणाची वाटतात, वकिलाला वाचून घाम फुटतो.

तिसरं, आणि नागपुरात बसून हे विसरून चालणार नाही. ज्या मास्तरानं पोराला जातीमुळे वर्गाबाहेर बसवलं, ज्या विहिरीवर पाणी वरून ओतलं गेलं, ज्या कचेरीत साहेबानं कप वेगळा ठेवला, ते सगळं दलित आत्मकथनांनी लिहिलं म्हणून मराठी वाचकाला कळलं. हे लिहिण्यात लोकहित आहे का, हा प्रश्नच उद्भवू नये. खरेपणा आणि लोकहित ही जोडी जिथे जुळते अशी याहून स्पष्ट जागा मला माहीत नाही. मास्तरांचे नातू आज नाराज होतील म्हणून ते पान गाळणं म्हणजे कायद्यानं मागितलंही नाही ते देऊन टाकणं. उलट बाजूनं, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांबद्दल तुच्छतेनं, द्वेष वाढेल असं लिहिलं तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू शकतो. "आमच्या काळी असंच बोलायचे" हा त्याला बचाव नाही.

पुस्तक छापण्याआधीच थांबवता येतं?

प्रयत्न होतो. खुशवंतसिंग यांच्या आत्मचरित्रातल्या एका प्रकरणाचा भाग १९९५ मध्ये एका नियतकालिकात आला, तेव्हा मेनका गांधी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि मनाई हुकूम मिळाला. २००१ मध्ये खंडपीठानं तो उठवला. लेखक आपल्या लिखाणावर ठाम असेल तर आधीच तोंड बंद करू नये, बदनामी झाली असं ठरलं तर नंतर भरपाई मागावी, असा त्याचा मथितार्थ. न्याय लेखकाच्या बाजूनं झाला, पण पुस्तक जवळपास सहा वर्षं अडकलं. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही खालच्या कोर्टांना बजावलं, की सुनावणी होण्याआधी मजकुरावर सहजासहजी बंदी घालू नका.

तुमच्या-माझ्या बाबतीत मनाई हुकूम क्वचितच येईल. येईल ती नोटीस.

पत्रं आणि फोटो

यावर कोणी विचारतच नाही. तुम्हाला आलेल्या पत्राचा कागद तुमचा, मजकूर लिहिणाऱ्याचा. एखाद्या मोठ्या साहित्यिकानं तुम्हाला पंधरा पत्रं लिहिली असतील तर ती पूर्ण छापायला त्याची, तो नसेल तर त्याच्या वारसांची परवानगी लागते, कारण मजकुराचा कॉपीराइट त्यांच्याकडे असतो. दोन ओळी उद्धृत करून त्यावर भाष्य करणं सहसा चालतं. तुमच्या वडिलांनी पैसे देऊन स्टुडिओत काढवून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, वडिलांचा. पेपरातून कापलेला फोटो मात्र तुमचा नव्हे.

"प्रकाशक बघून घेईल"

करार वाचा. त्यात बहुधा एक कलम असतं, की मजकुरावरून कायदेशीर तंटा झाला तर प्रकाशकाचा खर्चही लेखक भरून देईल. म्हणजे बघायचं तुम्हालाच. मजकूर बदनामीकारक आहे हे ठाऊक असून, किंवा ठाऊक व्हायला पुरेसं कारण असून, जो छापतो तोही दोषी ठरू शकतो. म्हणून चांगला मुद्रक कधी कधी आपणहून विचारतो.

छापण्याआधी अख्खं हस्तलिखित वकिलाला देऊ नका, तो वाचणार नाही आणि वाचलं तर बिल पेलणार नाही. ज्या पानांवर जिवंत किंवा अलीकडे वारलेल्या माणसावर ठपका आहे तेवढी पानं काढा, प्रत्येक ठपक्यासमोर तुमच्याकडे काय पुरावा आहे ते पेन्सिलीनं लिहा, मग द्या. समासात काहीच लिहिता आलं नाही तर वकिलाकडे जायच्या आधीच उत्तर मिळालं. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला ते पान वाचायला देणं शक्य असेल तर द्या आणि हरकत नसल्याचं दोन ओळींत लिहून घ्या. बरेचदा माणूस तुम्ही घाबरत होता त्या वाक्याला काही म्हणत नाही, स्वतःच्या टकलाचा उल्लेख काढायला लावतो.

नोटीस आली तर फेसबुकवर टाकू नका. तिथे रागानं लिहिलेली प्रत्येक ओळ दुसरी तक्रार होऊ शकते. वकिलामार्फत मुदतीत उत्तर द्या. चूक खरंच झाली असेल तर उरलेल्या प्रतींवर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवणं, पुढच्या आवृत्तीत परिच्छेद गाळणं, लेखी दिलगिरी, यानं बरीच प्रकरणं कोर्टाबाहेरच निवळतात. तक्रारदाराची तयारी असेल तर फौजदारी प्रकरणातही तडजोड करता येते. दिवाणी दाव्याला प्रकाशनापासून एक वर्षाची मुदत असते, फौजदारी तक्रारीला तीन वर्षांची, आणि नवी आवृत्ती काढली तर नवी तक्रार उभी राहू शकते. तेव्हा नकला, पासबुकं, जुन्या डायऱ्या यांची ती फाईल पुस्तक निघाल्यावर निदान तीन वर्षं तरी रद्दीत जाऊ देऊ नका.